दहा कुठे आहे?

पहिल्याच दिवशी मी शिक्षकांना एक फाल्सेता वाजवून दाखवली. फाल्सेता म्हणजे फ्लामेंकोत, दक्षिण स्पेनच्या आन्दालुसियातल्या गाणं-नाच-गिटारच्या परंपरेत, गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधे गिटारनं एकटीनं बोलायचा तुकडा. रेकॉर्डिंग ऐकत, थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत मी तो तीन आठवड्यांत बसवला होता. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत मी तारांवर हात ठेवला नाही, कारण इतकी वर्षं तसंच करत आले होते. शिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनीही तो सूर पूर्ण विरू दिला आणि मग शांतपणे विचारलं, "छान. यात दहा कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. दहावा सूर? दहावा फ्रेट, गिटारच्या दांडीवरची दहावी पट्टी? त्यांनी मान हलवली. टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक करत एक ते बारा मोजलं, मधल्या काही आकड्यांवर जोर दिला आणि म्हणाले, "पुन्हा वाजवा. मी दहावर पाय आपटतो." मी वाजवलं. त्यांचा पाय पडला तेव्हा माझी बोटं भलतीकडेच होती. पुढच्या आवर्तनात आणखी लांब.

तेव्हा मी ५१ वर्षांची होते, आणि २७ वर्षं गिटार वाजवत होते.

त्या २७ वर्षांत मी पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, धरूनच वाजवलं. आधी रॉक, मग ब्लूज, मग बरीच वर्षं जॅझ. वाद्यवृंदात मागे बसून कॉर्ड धरल्या, स्टुडिओत इतरांच्या गाण्यांत चार-चार बारचे, म्हणजे तालाच्या मापांचे, तुकडे भरले. 'भरले' हाच शब्द बरोबर आहे. रिकामी जागा दिसली की भरायची, हे माझं काम होतं आणि ते मला चांगलं जमत होतं. संगीताचा कंटाळा आला म्हणून मी फ्लामेंकोकडे वळले, असं अजिबात नाही. झालं इतकंच, की एका रात्री फेर्नांदा दे उत्रेरा यांची एक सोलेआ, म्हणजे फ्लामेंकोतल्या एका संथ प्रकारातलं गाणं, ऐकली. साथीला गिटारवर मोरोनचे दिएगो देल गास्तोर. बाईंचा आवाज घोगरा, काठावर फाटलेला, वर चढताना आता तुटेल की मग असं वाटायला लावणारा. पण मला धरून ठेवलं ते गिटारनं. दिएगोनं अंगठ्यानं खर्जातला एक जाड सूर वाजवला आणि तो थांबला. बाई गात राहिल्या. त्यानं काहीही वाजवलं नाही. मग ओळ संपता संपता दोनच सूर, आणि त्या दोन सुरांनी ती ओळ अशी जमिनीवर ठेवली, की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मी कुणासाठी इतकी जागा कधी सोडली होती का, हे त्या रात्री आठवून पाहिलं. आठवेना.

सोलेआची बांधणी नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. बाराही आकडे तिथे आहेतच. सोलेआ १ पासून मोजतात आणि जोर पडतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे आधी तीन-तीन मात्रांच्या दोन लांब ढांगा, मग दोन-दोनच्या तीन आखूड. बुलेरीआस हा दुसरा प्रकार याच तबकडीवर चालतो, पण काटा १२ पासून निघतो आणि वेग मिनिटाला २०० मात्रांच्या पुढे सहज जातो. सेगिरिया निघते ८ पासून, तिच्याबद्दल नंतर. या सगळ्या चक्राला म्हणतात कोम्पास. ताल म्हटलं तर अर्थ लागतो, पण पुरा नाही. कोम्पासमधे नुसत्या मात्रा नसतात. कुठल्या मात्रेवर हार्मनी ताणायची, कुठे सोडायची, कुठे गप्प बसायचं, हेही त्यातच येतं.

एकतालाच्याही मात्रा बाराच. पण तिथे दोन-दोनचे सहा सारखे विभाग, आणि सगळ्यांची भेट समेवर, पहिल्या मात्रेवर. सोलेआत भेटायची जागा १० आहे. ३ वर एफ कॉर्ड येऊन टोचते, मधे बरीच ओढाताण होते, आणि १० वर ई मिळते. वाक्य तिथे संपतं. उरलेल्या दोन मात्रा म्हणजे पुढच्या वाक्याआधीचा श्वास. मोजणारेसुद्धा बहुतेकदा अकरा-बारा म्हणत नाहीत, 'दिएस', म्हणजे दहा, यानंतर 'उन, दोस', म्हणजे एक, दोन, म्हणतात आणि पुन्हा एकपासून निघतात. वाक्य दहावर संपतं हे त्या मोजण्यातच ऐकू येतं.

बारा बारचा ब्लूज मला झोपेतून उठवून वाजवायला सांगितला असता तरी मी वाजवला असता. तिथे माझं घर 'वन' होतं, बारची पहिली मात्रा. हाताला, पायाला, मानेला, सगळ्या अंगाला २७ वर्षं तेच घर ठाऊक. आता शिक्षक सांगत होते, की घर दारात नाही, गल्लीच्या शेवटाकडे आहे, आणि तिथे पोचल्यावर दोन पावलं पुढे जाऊन वळायचं आहे. डोक्याला हे दहा मिनिटांत कळलं. अंगाला कळायला किती काळ लागला ते पुढे येईलच.

पहिले काही महिने मी दहाचा प्रश्न बाजूला ठेवला, हे कबूल करते. शिक्षक म्हणत होते, टाळ्या वाजवा, पाय वाजवा, गिटार थोडी कमी वाजवा. मला मात्र हाताची घाई होती. फ्लामेंकोचा उजवा हात हे वेगळंच जग आहे आणि त्यात मी आनंदानं हरवले. रास्गेआदो घ्या. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, एकामागून एक मुठीतून बाहेर फेकायची आणि चारही फटके एकाच वजनाचे यायला हवेत. मूठ वळणारे स्नायू आपण जन्मभर वापरतो. बोटं बाहेर फेकणाऱ्या स्नायूंना असं काम फारसं कुणी देत नाही. त्यात अनामिका सगळ्यांत दुबळी, शेजारणींच्या आधारानंच हलते. मी गुडघ्यावर, उशीवर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर रास्गेआदो केले. पिकादोत तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं तार ओढून वरच्या तारेवर टेकतात, पायऱ्या चढल्यासारखे. गोल्पेत अनामिकेच्या नखानं गिटारच्या पोटावर टकोरा मारायचा. दुसऱ्या कुठल्या गिटारवर असं केलं तर लाकडाला पोचे पडतील. इथे त्यासाठी प्लास्टिकचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, गोल्पेआदोर. नखं वयानं ठिसूळ झाली होती, म्हणून बरेच वादक करतात तसा त्यांच्यावर सुपरग्लूचा थर द्यायलाही शिकले.

एका गोष्टीत मात्र जुना हात कामाला आला, आणि तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. आल्सापूआ नावाचा एक प्रकार आहे. त्यात अंगठा एकटाच खाली जातो, मग नखाच्या पाठीनं वर येतो, पुन्हा खाली, आणि या येण्याजाण्यातून चाल आणि कॉर्ड दोन्ही निघतात. शास्त्रीय गिटार वाजवून आलेल्या अनेकांना अंगठा वर आणणं जड जातं. मला ते लगेच ओळखीचं वाटलं. ही तर पिकचीच हालचाल, फक्त पिकच्या जागी माझंच हाड आणि नख! वेग नव्हता, पण वळण होतं. शिक्षकांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारलं, आधी काय वाजवत होता?

मग हात दुखावला. कोपराखाली, पाठच्या बाजूला, आधी नुसती ओढ, मग रात्री उठवणारी कळ. दिवसाला दोन-दोन तास रास्गेआदो करत होते, पंचविशीतल्या हातानं करावेत तसे. स्नायूंची ताकद वाढली होती, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे त्या गतीनं तयार होत नाहीत, आणि वय वाढलं की आणखीच सावकाश होतात. सहा आठवडे गिटारला हात लावायचा नाही, असं ठरलं. मला रडू आलं होतं. या वयात सहा आठवडे म्हणजे काय, हे ज्यांनी काही उशिरा सुरू केलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ते सहा आठवडे शिक्षकांनी मला नाचाच्या वर्गात नेऊन बसवलं. टाळ्या वाजवायला.

टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि ते एक वाद्यच आहे. तळव्याची खोबण करून तळव्यावर हलका तळवा, तो दबका आवाज म्हणजे सोर्दास. गाणारा गात असताना या वाजवतात. ताठ बोटं तळव्यावर उमटवून निघणारा उघडा, कडक आवाज म्हणजे क्लारास. पाय जोरात पडायला लागले की या वाजवतात. सोर्दासनं माझ्या दुखऱ्या हाताला त्रास होत नव्हता. मी बसायचे, बारा मोजायचे, नाचणाऱ्यांचे पाय पाहायचे. तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. नाचणारी थांबण्याच्या आधी खूण करते. पावलांचा एक ठाम तुकडा येतो, खांदे स्थिर होतात, आणि शेवटचा पाय दहावर पडतो. तो पडायच्या आधीच खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं की तो तिथे पडणार आहे. वादकाला, टाळ्या वाजवणाऱ्यांना, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींना. मग चौथ्या की पाचव्या आठवड्यात एकदा माझे हात आपोआप तिथे पडले. मी मोजत नव्हते. नक्की कधी मोजायचं थांबले, तेही कळलं नाही. दचकून पुन्हा मोजायला लागले आणि सगळं हातातून गेलं. पण दहा कसं असतं ते एकदा अंगाला लागलं होतं.

पुढे वाचताना समजलं, की मला जी शिक्षा वाटली होती तोच जुना क्रम आहे. गिटारवाला आधी नाचाला साथ करतो, मग गाण्याला, आणि एकट्यानं वाजवणं सगळ्यांत शेवटी. काही गाण्यांना तर गिटार लागतच नाही. मार्तिनेते हा प्रकार लोहाराच्या भट्टीशी जोडलेला, तो नुसत्या गळ्यानं गातात, सोबतीला फार तर ऐरणीवरचा घाव. गाणं आधी होतं. गिटार मागून आली आणि गाण्याशेजारी बसली. गिटारवादक रामोन मोंतोया यांनी १९३६ मध्ये पॅरिसला एकट्या गिटारची रेकॉर्डिंग केली, तोवर त्यांचं बहुतेक आयुष्य गायकांना साथ करण्यात गेलं होतं. त्यांच्या त्या एकट्या वाजवण्यातही न गायलेली ओळ ऐकू येते, त्या ओळीसाठी सोडलेल्या जागा ऐकू येतात. मी मात्र त्या रेकॉर्डिंगसारख्या गोष्टींपासूनच सुरुवात करायला निघाले होते. शेवटचं पान आधी.

हात बरा झाल्यावर नवी गिटार घेतली. सायप्रस झाडाच्या लाकडाची. उचलली तेव्हा रिकामी पेटी उचलल्यासारखी हलकी वाटली. सायप्रसच्या या गिटारचा सूर पटकन उसळतो आणि पटकन विझतो. नाचणाऱ्यांच्या टाचांमधून ऐकू जायला तोच उपयोगाचा. तारा फ्रेटच्या इतक्या जवळ, की जोरात वाजवलं की त्या किंचित कुरकुरतात. मी ती कुरकुर घालवायला निघाले होते. शिक्षक म्हणाले, राहू द्या, तो आवाज आपलाच आहे. २७ वर्षं मी अशी प्रत्येक खरखर, प्रत्येक बोटाचा घसरा पुसत आले होते, स्टुडिओत त्यासाठी पुन्हा पुन्हा टेक दिले होते. ती गिटार बरेच दिवस मला अपुरी, अस्वच्छ वाटत राहिली. मग एके दिवशी जुन्या सवयीची स्वच्छ गिटार हातात घेतली आणि तीच मुकी वाटली.

जॅझमधून आणलेल्या कानानं मला दगाही दिला. फ्लामेंकोतली एफ कॉर्ड वाजवताना वरच्या तारा बऱ्याचदा मोकळ्याच ठेवतात. ऐकताच माझ्या डोक्यात तिचं लांबलचक नाव तयार व्हायचं, मेजर सेवन, शार्प इलेव्हन वगैरे. नाव चुकीचं नव्हतं. पण नाव दिलं की मी त्या टोचण्याला शिष्टाचारात बसवत होते. शिक्षक ती नावं वापरतच नाहीत. ई वरून वाजवायचं ते 'पोर आर्रिबा', म्हणजे वरच्या अंगानं, आणि ए वरून वाजवायचं ते 'पोर मेदिओ', म्हणजे मधल्या अंगानं. संपली नावं. सुरांचा सांगाडा भैरवी ओळखणाऱ्या कोणालाही जवळचा वाटेल, कोमल रिषभ घराच्या अगदी उंबऱ्यावर बसलेला. पण शेवटी जी ई कॉर्ड येते तिच्यात तीव्र अंगाचा, शुद्ध गंधार असतो, आणि गाणारा वरून उतरताना कोमल गंधार लावून येतो. दोन्ही गंधार काही क्षणांच्या अंतरानं एकाच घरात. त्यांच्यामधली ती घासाघीस नाव न देता ऐकायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

याच्या उलट दिशेचा प्रवास एका थोर माणसानं केला आहे आणि तो मला धीर देतो. पाको दे लुसीआ यांचा जन्म १९४७ चा, आल्हेसीरासचा. लहानपणापासून दिवसाचे तासन्‌तास गिटार. १९७३ ची त्यांची एक रुंबा जगभर पोचली, १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅझच्या दोन गिटारवादकांबरोबर त्यांनी वाजवलेली मैफल आम्ही जॅझवाल्यांनी पारायणं करून ऐकली. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. तरी १९९१ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी होआकीन रोद्रिगो यांची आरान्हुएसची कोंचेर्तो पूर्ण बसवून ऑर्केस्ट्रासह वाजवली. जे आपल्या हाताला येत नाही असं सगळ्या जगाला ठाऊक आहे, ते घेऊन त्या वयात ते बसले. ती कोंचेर्तो ऐकताना मी सुरांपेक्षा त्यांचं लय धरून ठेवणं ऐकते. परक्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आपला कोम्पास बरोबर घेऊन गेले.

चौथ्या वर्षी मी आन्दालुसियातल्या हेरेसला गेले, दोन आठवडे. पालासिओ पेमार्तीनमधे फ्लामेंकोचं संग्रहालय-ग्रंथालय होतं, तिथे सकाळी कानाला हेडफोन लावून बसायचे. रस्त्यानं सान्तिआगो आणि सान मिगेल या वस्त्यांत फिरायचे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा, घराण्यांनी बुलेरीआस गायली. संध्याकाळी एका पेन्यात, म्हणजे रसिकांच्या मंडळात, कोपऱ्यात जागा मिळाली. स्टेजवर काही सुरू नव्हतं. एका टेबलाभोवती पाचसहा म्हातारी माणसं बसली होती, त्यातल्या एकानं बोटांच्या पेरांनी लाकडावर कोम्पास धरला होता, आणि बाकीचे त्यावर बोलत होते. गात नव्हते, नुसते बोलत होते. पण बोलणंही दहावर टेकत होतं. शेजारी सातआठ वर्षांची एक मुलगी मैत्रिणीला काहीतरी सांगता सांगता टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या मुख्य मात्रांवर नव्हत्या, बरोबर दोन मात्रांच्या फटीत पडत होत्या. गोष्ट सांगताना तिचं एकदाही चुकलं नाही.

ती मुलगी मोजत नव्हती. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. तिला जे आहे ते मला कधीच मिळणार नाही, हे त्या कोपऱ्यात मला अगदी स्पष्ट कळलं. मोठेपणी शिकलेली भाषा कितीही चांगली बोलता आली तरी स्वप्नात भांडण झालं की माणूस आईच्या भाषेत ओरडतं, तसंच हे. माझा दहा हा शिकलेला दहा राहील. वाईट वाटलं, आणि रात्री झोप लागेपर्यंत वाटत राहिलं. सकाळी उठून मी पुन्हा हेडफोन लावून बसले.

त्या दिवशी १९२२ च्या ग्रानादाच्या स्पर्धेबद्दल वाचलं. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या पुढाकारानं, जुनं खोल गाणं लोपू नये म्हणून ती आल्हाम्ब्राच्या आवारात भरवली होती. ती व्यावसायिक गायकांसाठी नव्हतीच. बक्षिसं मिळवणाऱ्यांत दोन नावं पुढे टिकली. एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा, पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजलेला. दुसरे सत्तरीच्या घरातले दिएगो बेर्मूदेस, 'एल तेनासास', बरीच वर्षं गाण्यापासून लांब राहिलेले. एकाच स्पर्धेच्या कौतुकात दोघंही बसले होते. रोंदाच्या आनिया यांच्याबद्दलही वाचलं: गाता गाता स्वतःच गिटार वाजवणाऱ्या, १९३३ मध्ये वारल्या तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या. गिटार हा पुरुषांचा प्रांत म्हणणाऱ्या कुणालाही मी हल्ली त्यांचं नाव सांगते.

हेरेसमधे मला काहींनी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारली, आणि घरी परतल्यावर स्नेह्यांनीही: हितानो लोक मुळात भारतातून गेलेले, मग हे आपलंच संगीत ना? त्यांच्या पूर्वजांची भाषा भारतीय कुळातली आहे हे खरंच. हितानोंच्या कालो बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात, आणि 'कालो' हे नावही काळा याच शब्दाच्या घरातलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण 'आपलंच' हे मला पटत नाही. स्पेनमधे त्यांची कागदोपत्री नोंद १४२५ पासून सापडते. १७४९ मध्ये राजाच्या हुकुमानं एकाच वेळी हजारो हितानो बायकामुलांसकट पकडले गेले, कुटुंबं फोडून कोंडली गेली. जगात इतरत्र गेलेल्या त्यांच्याच भाऊबंदांनी वेगळं संगीत केलं, फ्लामेंको नाही केलं. ते आन्दालुसियात झालं, तिथल्या गरिबीत, तिथल्या जुन्या गाण्यांत, शेजारच्या बिगर-हितानो गळ्यांत मिसळून, समुद्रापलीकडच्या क्युबाहून परतलेल्या चालीसुद्धा पोटात घेऊन. भैरवीशी सुरांची सावली जुळते म्हणून त्यावर हक्क सांगणं म्हणजे ज्यांनी ते सोसून घडवलं त्यांच्या हातून ते काढून घेणं. मला पाहुणी म्हणूनच त्या घरात बसायचं आहे. पाहुणीला घरातल्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि ऐकायला मला आवडतं.

पाचव्या वर्षी, म्हणजे मागच्या हिवाळ्यात, शिक्षकांनी पहिल्यांदा मला गाण्याच्या साथीला बसवलं. गाणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, गाणं शिकणाऱ्या. सोलेआ, कापो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारी पकड, दुसऱ्या फ्रेटवर, वरच्या अंगानं. मी दोन आवर्तनं वाजवून दिली. त्यांनी 'आय' म्हणून सूर लावला, घसा तपासला, आणि पहिली ओळ सुरू केली. ओळीच्या मधेच त्यांनी श्वास घेतला. तो श्वास मला अपेक्षित होता त्याहून खूप लांबला. माझ्या उजव्या हातात किमान चार तुकडे तयार होते, त्या फटीत चपखल बसणारे. सगळी २७ वर्षं त्या बोटांच्या टोकांशी येऊन उभी राहिली. मी अंगठ्यानं सहावी तार एकदा वाजवली, अनामिकेनं लाकडावर दोन टकोरे दिले, आणि थांबले. शिक्षकांच्या दबक्या टाळ्या चालू होत्या. सात. आठ. बाईंनी उरलेला शब्द उचलला, तो वाकवत वाकवत खाली आणला आणि ठेवला, आणि मी ई कॉर्डचा फटका दिला तेव्हा शिक्षकांची टाळी, त्यांचा शब्द आणि माझा हात एकाच जागी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोवर त्यांनी पुढच्या ओळीचा श्वास घेतला होता.

दुसऱ्या कडव्यात मी अर्ध्या मात्रेनं आधी आले, तिसऱ्यात बरोबर, चौथ्यात त्यांचा शब्द ऐकता ऐकता कॉर्ड बदलायचीच विसरले. घरी येऊन गिटार पेटीत ठेवली आणि बराच वेळ दिवा न लावता बसले. फेर्नांदा आणि दिएगोची ती सोलेआ पुन्हा ऐकली नाही. धीर झाला नाही, किंवा गरज वाटली नाही, नक्की सांगता येत नाही.

सध्या सेगिरिया. तीच तबकडी, पण ८ पासून निघायचं: ८, १०, १२, ३, ६. दोन आखूड पावलं, दोन लांब, एक आखूड. मोजताना फक्त पाच म्हणतात, पण पाचही सारखे नाहीत, तिसरा आणि चौथा ओढलेले. फ्लामेंकोतलं हे सगळ्यांत काळोखं गाणं, मरणाचं, तुरुंगाचं, आईच्या आठवणीचं. शिक्षक म्हणाले, बसून येणार नाही, चालत शिका. म्हणून मी रोज पहाटे चालते. पाऊल, पाऊल, लांब, लांब, पाऊल. रस्ता ओलांडताना एखादी गाडी येते, मी थबकते, लांबचं पाऊल आखूड पडतं आणि चक्र तुटतं. मग गाडी जाऊ देते आणि पुन्हा आठपासून निघते.